रॉटरडॅमच्या दुकानात रावेरची बाई

दोन वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातल्या एका मुलीने स्वतःची कथा मला वाचायला दिली. नायिका मनीषा, नुकतंच लग्न झालेली, नवऱ्यासोबत नेदरलँड्सला, रॉटरडॅमला गेलेली. पहिल्या पानावर ट्युलिप, पवनचक्की, सायकली, बर्फ. दुसऱ्या पानावर आईच्या हातचं भरीत आठवून मनीषाच्या डोळ्यांत पाणी. चुकीचं असं काहीच नव्हतं. पण दोन पानं संपली तरी मनीषा काही दिसली नाही. दिसलं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

"मग काय लिहू, सर? मी तिकडे गेलेलीच नाही."

"मनीषाच्या माहेरी काय पिकतं?"

"केळी. आमच्याकडे दुसरं काय पिकणार?"

"मग तिला तिथल्या दुकानात केळ्यांसमोर उभी कर. तिला काय दिसेल ते सांग."

आता मात्र ती थांबेना. आपल्याकडे किरकोळीला डझनावर मिळतात, तिकडे किलोवर. एकेका फणीवर कागदाचा बिल्ला चिकटवलेला. सगळी एका मापाची, डाग नाही. ही कुठून आली असतील, किती दिवसांनी, कुणी पिकवायला टाकली असतील, मळ्यावर काय भावाने उचलली असतील. मनीषा तो बिल्ला वाचेल, सर, आधी तेच करेल. मी म्हटलं, त्यावर बहुतेक इक्वेडोर, कोलंबिया नाहीतर कोस्टा रिका असं लिहिलेलं असेल. ती म्हणाली, "म्हणजे तिकडेही आमच्यासारखेच कुणीतरी आहेत."

पवनचक्कीने जे साधलं नव्हतं ते केळ्याने साधलं. सीमा आणि संस्कृती ओलांडणारी कथा लिहायची तर परदेशाची माहिती गोळा करावी लागते, असा आपला समज असतो. माहिती लागते, नाही कशाला म्हणू? पण ती नंतर. आधी ठरवायचं ते हे, की बघणारे डोळे कुणाचे आणि ते कुठल्या मातीत वाढलेले. त्याच दुकानात लासलगावची बाई कांद्यापाशी थांबेल आणि पुण्यातला संगणक अभियंता काउंटरवरच्या यंत्राकडे बघेल. रॉटरडॅम तेच, कथा तीन.

केळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेने जातो. आपल्याकडे ज्या वाणाला सगळे 'जी-नाईन' म्हणतात, त्यात इंग्रजी 'जी'ही नाही आणि 'नऊ'ही नाही. मूळ नाव फ्रेंच, 'ग्रांद नेन', म्हणजे 'मोठी बुटकी'. फ्रेंच शब्द इंग्रजी कानांवर पडला, आकडा झाला आणि यावल-रावेरच्या मळ्यांत रुजला. हा वाण कॅव्हेंडिश कुळातला. कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधल्या एका ड्यूकचं घराणं. १८३० च्या दशकात त्याच्या चॅट्सवर्थच्या बागेत मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप वाढवलं गेलं, आणि नाव पडलं घराण्याचं. कुळाचं मूळ मात्र दक्षिण चीनकडचं. आज जगाच्या निर्यात बाजारात दिसणारी केळी बहुतेक याच कुळातली. म्हणजे मनीषा ज्या परक्या फळासमोर उभी आहे, ते तिच्या माहेरच्या घडाचं चुलत भावंड. हे कथेत सांगायची गरज नाही. लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की वाक्यांचा सूर आपोआप बदलतो.

सवयीचं दिसत नाही

या सगळ्या प्रकारात मला एकच कसोटी खरोखर उपयोगी पडली आहे: माणसाला स्वतःच्या सवयीचं दिसत नाही. भुसावळचा माणूस मे महिन्यात 'आज ४५ अंशांचं रणरणतं ऊन आहे' असा विचार करत नाही. गाडीच्या सीटवर आधी ओला फडका फिरवतो आणि मग बसतो. रणरणतं ऊन दिसतं ते मुंबईहून आलेल्या पाहुण्याला. म्हणून एखादं पात्र स्वतःच्याच जगण्याचं वर्णन गाइडसारखं करू लागलं, की समजावं, लेखक बाहेरून बघतोय.

आपण खान्देशी लोक शहरी लेखकांबद्दल ही तक्रार करतो आणि सातपुड्यात शिरलो की तेच करतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा आदिवासी माणसावरच्या कथांमध्ये 'मोहाच्या फुलांचा मादक गंध' किती वेळा वाचला असेल! ज्याच्या घरी मोह वेचला जातो त्याच्यासाठी ते पहाटे उठून करायचं काम आहे. टोपली भरायची, वाळवायचं, पावसापासून जपायचं, व्यापाऱ्याशी भावावरून घासाघीस करायची. मादक गंध आहे तो जीपमधून उतरलेल्याच्या नाकात.

उलटंही खरं. परक्या गावात गेलेल्या माणसाला सगळंच दिसत नाही; आपल्या सवयीला जिथे ठेच लागते तेवढंच दिसतं. ही ठेच नेमकी कुठे लागेल हे शोधणं म्हणजे या लेखनातला खरा अभ्यास. प्रेक्षणीय स्थळं त्यासाठी कामाची नाहीत. साध्या गोष्टी लागतात: पगार कुठल्या दिवशी होतो, कचरा कोण नेतो, रांग कशी लावतात, आजारी पडलं तर पहिला फोन कुणाला, शेजाऱ्याकडे न सांगता गेलेलं चालतं का.

इथे माझीच फजिती सांगतो. दुबईत गॅरेजमध्ये काम करणाऱ्या जळगावच्या मुलावर मी एक कथा लिहिली होती, काळ २०१० च्या आसपासचा. त्यात तो दर रविवारी सुट्टीच्या दिवशी खोलीवर झोपून घरी फोन करतो. कथा छापून आली आणि सावद्याचा एक मेकॅनिक घरी आला. तो तिकडे अकरा वर्षं राहून आलेला. चहा घेऊन झाल्यावर म्हणाला, "सर, कथा चांगली आहे. फक्त अकरा वर्षांत मला एकाही रविवारी सुट्टी मिळाली नाही." तेव्हा तिकडे सुट्टी शुक्रवारची. संयुक्त अरब अमिरातीने सरकारी कामकाजासाठी शनिवार-रविवारची सुट्टी धरली ती २०२२ च्या सुरुवातीपासून. चूक एका वाराची होती, पण त्या एका वाराने पोराची नमाजाच्या गर्दीतली दुपार गेली, बंद दुकानं गेली, आणि आपल्या गावी सगळे घरी असतात तेव्हा आपण कामावर, ही रुखरुखही गेली. तेव्हापासून तिकडे राहून आलेल्या एका तरी माणसाला वाचायला दिल्याशिवाय मी अशी कथा बाहेर काढत नाही. प्राध्यापकापेक्षा मेकॅनिक बरा.

सीमा उंबऱ्यापासून सुरू होते

खान्देशात बसून परदेशावर लिहायचं म्हणजे फार लांबची उडी, असं नव्या लेखकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण हा मुलूखच सीमेवरचा आहे. फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी बुऱ्हाणपूर होती. ते आज मध्य प्रदेशात आहे. नंदुरबारहून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता गोळ्या झेलून पडला, तेव्हा त्या मोर्चात घुमत होती ती घोषणा गुजराती होती. आजही सुरतेत उधना, लिंबायत भागात फिरताना कानावर अहिराणी पडते. राज्याची सीमा ओलांडून गेलेल्या, आठवडाभर गुजराती बोलणाऱ्या आणि घरी अहिराणीत भांडणाऱ्या माणसांची पिढी आपल्या नात्यात असताना, परकेपणा शिकायला ॲमस्टरडॅमचं तिकीट कशाला काढायचं?

आणि अहिराणी म्हटली तरी ती एक कुठे आहे? धुळ्याकडचा 'माले' म्हणतो तिथे रावेर-यावलच्या लेवा घरात 'मले' येतं. नंदुरबारला त्याच बाजारात पावरी, मावची, भिली, गुजरी. भुसावळला रेल्वेमुळे देशभरची माणसं येऊन राहिली. आमच्या चाळीत एका नळावर चार भाषांत भांडण व्हायचं आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

मराठीत हा प्रकार नवा नाही, हेही लक्षात ठेवावं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ सालची. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि नाझी जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा भेटतात. त्यातली मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. लेखकाने जर्मनी रंगवायला घेतली नाही आणि मुंबईही नाही. बोट घेतली. बोट कुणाच्याच देशात नसते. तिथे दोघंही परके, दोघांचेही दिवस मोजलेले. त्यामुळे एकाने दुसऱ्याला आपला देश दाखवत फिरायची वेळच येत नाही. आपल्याकडे ते काम सुरत-भुसावळ पॅसेंजर करू शकते. उधन्याला बसलेली माणसं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत येतात तोवर बरंच काही घडू शकतं.

'आम्ही' आणि 'आपण'

आता भाषेकडे. या भागावर जरा रेंगाळतो, कारण मराठी लेखकाच्या हातात इथे काही हत्यारं आहेत आणि आपण ती वापरत नाही.

पात्रं डच बोलतात, कथा मराठीत आहे. काय करायचं? सगळ्यात वाईट उपाय म्हणजे दर दोन वाक्यांनी एक डच शब्द टाकायचा आणि पुढे त्याचा अर्थ सांगायचा. वाचकाला शब्दकोश नको आहे. त्यापेक्षा ठरवून टाकावं: मनीषाच्या डोक्यातला विचार सळसळत्या मराठीत. तीच बाई दुकानदाराशी तुटक डच बोलते, तेव्हा तिची वाक्यं मराठीतही तुटक. "मला... हे... किती?" घरात चार माणसांना पुरून उरणारी बाई काउंटरवर तीन शब्दांत संपते. भाषा बदलल्याचं वाचकाला न सांगता कळतं, आणि तिची होणारी चिडचिडही.

दुसरी गोष्ट तू आणि तुम्ही. इंग्रजीला 'यू' एकच. डचमध्ये आपल्यासारखी जोडी आहे, साधा 'ये' आणि आदराचा 'यू', पण कामाच्या ठिकाणी साहेबालाही सर्रास साधा शब्द चालतो. आता मनीषाचा नवरा साहेबाशी बोलतोय ते संभाषण मराठीत लिहायचंय. 'तू' लिहिलं तर आपल्या वाचकाला उद्धटपणा वाटेल, 'तुम्ही' लिहिलं तर तिथलं मोकळं वातावरण जाईल. उत्तर एकच नाही, पण निर्णय जाणीवपूर्वक घ्यायला हवा. कदाचित नवऱ्याच्या तोंडी 'तू' येतो आणि तो स्वतःच दचकतो. तेवढ्यातच एक प्रसंग उभा राहतो. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणत वाढलेल्या मुलाची ती ठेच आहे.

आणि सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे आम्ही आणि आपण. ऐकणाऱ्याला वगळून असतं ते 'आम्ही', त्याला सामील करून घेतं ते 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वुई'. डचमध्येही हा भेद नाही. गुजरातीत मात्र आहे, 'अमे' आणि 'आपणे'. स्थलांतराची अख्खी कहाणी या दोन शब्दांत मावते. मनीषा शेजारणीला तीन वर्षं सांगते, 'आमच्याकडे असं करतात.' मग एक दिवस कालव्याचं पाणी वाढल्याची बातमी लागते आणि ती म्हणून जाते, 'आपल्याकडे पंप आहेत ना?' शेजारणीच्या डचमध्ये हा बदल दिसणारच नाही. मराठी वाचकाला दिसतो. परदेशी लेखकाला हेवा वाटावा अशी ही सोय आपल्या व्याकरणात फुकट मिळालेली आहे.

टीप द्यायची की नाही

हा वाद कधीच मिटत नाही. खान्देशातली कथा रत्नागिरीच्या वाचकाला कळायची तर 'कानबाईचे रोट' समजावायचे का? एक पद्धत अशी असते: "कानबाई हा खान्देशातील प्रसिद्ध लोकोत्सव असून तो श्रावण महिन्यात साजरा केला जातो," असं कथेतला काका पुतण्याला सांगतो. पुतण्या त्याच घरात वाढलेला! आता हे बघा:

"यंदा रोटाला येतो का नाही?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. गेल्या श्रावणात तो सुरतेहून आला नव्हता. त्यानंतर वाटणीच्या कागदावर सही करताना काकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं.

रोट गव्हाचे की ज्वारीचे, हे यात कुठेच नाही. पण ज्याने न येऊन चालत नाही असं काहीतरी भाऊबंदांचं आहे, एवढं रत्नागिरीकराला कळलं. तेवढं पुरतं. परकी गोष्ट समजावून सांगण्यापेक्षा तिला कथेत काम द्यावं.

अनुवादवाल्यांचा हा जुनाच पेच आहे. १८१३ मध्ये बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात जर्मन विचारवंत श्लायरमाखरने तो सोप्या शब्दांत मांडला होता: एकतर लेखकाला जागेवर ठेवून वाचकाला त्याच्याकडे न्यायचं, नाहीतर वाचकाला जागेवर ठेवून लेखकाला त्याच्याकडे आणायचं. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत वाचक चालत गेला. असोद्याच्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. कविता लिहून घेतल्या गेल्या, त्या १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. बोली त्यांचीच राहिली. 'मले', 'तुले' पुस्तकी मराठीत न बदलता सगळा महाराष्ट्र त्यांच्या दारात गेला.

जगभरातही वारं थोडं त्या दिशेने वळलेलं दिसतं. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला. अनुवादक दीपा भास्ती यांनी कन्नड शब्द तिरक्या टाइपात वेगळे पाडले नाहीत आणि तळटीपाही दिल्या नाहीत. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात अर्धी-अर्धी वाटली जाते. आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर येण्यासाठी अजून विनवण्या कराव्या लागतात, तो विषय वेगळा.

माझं मत सांगतो. परक्या वाचकासाठी लिहितो म्हणून आपली गोष्ट धुऊन-पुसून ठेवणारा लेखक आणि खान्देशी दाखवायचं म्हणून पानापानावर शेवभाजी वाढणारा लेखक, दोघंही एकाच गिऱ्हाइकाकडे बघून लिहितात.

दुसऱ्याची गोष्ट

राहिला अवघड प्रश्न: आपली नसलेल्या माणसांची गोष्ट आपण लिहावी का?

खान्देशावर ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसणारा जवळपास प्रत्येक जण १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला या मुलखाच्या माहितीचा ग्रंथ, उघडतो. माहितीची खाण आहे, मीही उघडतो. पण ते कुणी आणि कशासाठी लिहिलं हे विसरलं की घात होतो. इंग्रजांनी हा मुलूख १८१८ मध्ये घेतला. भिल्लांशी लढून भागेना म्हणून १८२५ मध्ये त्यांचीच पलटण उभारली. त्या काळच्या कागदांत भिल्ल दिसतो तो लुटारू म्हणून, नाहीतर सुधारलेला शिपाई म्हणून. सरकारला त्याच्याशी जेवढं काम, तेवढंच त्याचं चित्र. कादंबरीकाराने माहिती उचलली की तिला चिकटलेली नजरही सोबत येते आणि दीडशे वर्षांनी मराठीत पुन्हा तोच लुटारू उभा राहतो.

स्वतः सीमा ओलांडलेला लेखक यातून सुटतो असंही नाही. जोसेफ कॉनराड पोलंडचा. इंग्रजी त्याची तिसरी भाषा. १८९० मध्ये काँगो नदीवर बोटीतून प्रत्यक्ष गेलेला. त्या अनुभवावरच्या त्याच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये आफ्रिकी माणसं जवळपास बोलतच नाहीत. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात नेमकं यावर बोट ठेवलं: अख्खा खंड एका युरोपीय माणसाच्या मनोभंगाचा नेपथ्य-पडदा झाला. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या कथा काढून बघितल्या. त्यातली आदिवासी पात्रं किती वाक्यं बोलतात ते मोजलं. आकडा इथे देत नाही.

आपल्या शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता हेच चार ओळींत सांगून जाते. आम्हाला स्टेजवर बोलावलंच नाही. ते वर उभे राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, आणि दुःख आमच्याकडेच राहिलं, असा तिचा आशय आहे.

म्हणून लिहूच नये का? मी त्या मताचा नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या वाड्यावर लिहायचं ठरवलं तर कथा संपेल, आत्मचरित्रं उरतील. पण लिहायचं तर काही हिशेब चुकवावे लागतात. ज्यांच्यावर लिहिता त्यांना पात्र म्हणून बोलू द्या, चुकू द्या, हसू द्या, तुमच्या नायकाला मूर्ख ठरवू द्या. ते स्वतः काय लिहितात ते आधी वाचा. आणि छापायच्या आधी त्यांच्यातल्या कुणाला तरी दाखवा, वाहवा मिळवायला नाही, चुका काढून घ्यायला.

रावेरच्या त्या मुलीने कथा चार वेळा लिहिली. तिची मावसबहीण खरोखरच नेदरलँड्समध्ये आहे. तिला व्हिडिओ कॉल लावून तिने दुकानातली केळी दाखवायला लावली. शेवटच्या खर्ड्यात पवनचक्की गेली, बर्फ गेला, भरीतही गेलं. मनीषा एक केळं हातात घेऊन त्याच्या कडांवरून बोट फिरवते. कडा अजून उठून दिसतात, गोलाई भरलेली नाही. तिला आठवतं, बाबा मजुरांना सांगायचे, लांबचा माल असला की घड आधीच उतरवा. ती केळं परत ठेवते आणि नवरा विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही. लवकर कापलंय."

ती ओळ आहे तशीच ठेव, असं मी सांगितलं. 'उतरवा' या शब्दाला तळटीप द्यावी असं मात्र तिला अजून वाटतं, आणि त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.